विश्वकोशातील विवाद आणि विनयातील अधिकरणसमथ : एक समीक्षा

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या समारोपाच्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, भिक्षुसंघ ही एक प्रकारे संसदच होती. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, शलाकेद्वारे गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव आणि एकदा निकालात निघालेला विषय पुन्हा न उकरण्याचा दंडक हे सारे नियम संघाला ठाऊक होते व संघ ते पाळीत होता. हे विधान आपल्या सभासंमेलनांतून वारंवार उच्चारले जाते. परंतु बहुधा ते प्राचीन वैभवाची साक्ष म्हणून येते. आजच्या एखाद्या संस्थेचा कारभार त्या नियमांना लावून पाहावा, असे आपल्या अभ्यासकांना क्वचितच सुचते. प्रस्तुत लेखात आम्ही तसा प्रयत्न करीत आहोत. त्यासाठी निवडलेली संस्था आहे विकिपीडिया हा मुक्त विश्वकोश.

ही निवड अनेकांना विचित्र वाटेल. पण आज आपल्या वस्तीतला विद्यार्थी तथागतांविषयी, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेविषयी किंवा महाडच्या संगराविषयी काही शोधू लागला, तर पहिला मजकूर त्याला बहुतेक वेळा तेथलाच मिळतो. तो मजकूर कोणा एका विद्वानाचा नसतो. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या या कोशात कोणीही स्वयंसेवक लिहू शकतो आणि कोणीही दुसऱ्याचे लिहिलेले बदलू शकतो. म्हणून तेथे जे उरते, ते पुष्कळदा एखाद्या विवादाचा निकाल असते. विवाद कसा मिटवला गेला, यावर आपण काय वाचणार हे ठरते. तेव्हा ही पद्धत तपासणे हे केवळ तंत्रज्ञांचे काम नाही.

प्रथम तेथील रीत थोडक्यात पाहू. प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असते. मतभेद झाल्यास संपादकांनी तेथे बोलावे, समोरच्याचा हेतू शुद्ध आहे असे गृहीत धरावे आणि सहमती शोधावी, असा मूळ दंडक आहे. एकाने लिहावे, दुसऱ्याने खोडावे, पहिल्याने पुन्हा लिहावे, असे चालू राहिले तर इंग्रजी कोशात चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवणाऱ्याला काही काळ लिहिण्यास मनाई होते. दोघांत सहमती न झाल्यास तिसऱ्याचे मत घेता येते. त्याने न भागल्यास सर्व संपादकांना मत देण्याचे आवाहन केले जाते व ते साधारण तीस दिवस खुले राहते. अगदी शेवटी, संपादकांनीच निवडलेली आणि २००४ पासून काम करणारी एक लवाद समिती आहे. मध्यस्थीसाठीही एक स्वतंत्र समिती होती. ती २०१८ मध्ये विसर्जित झाली आणि मध्यस्थीचे काम आता एका फलकावर स्वयंसेवक पाहतात. समेट घडवणारी समिती मिटली आणि निवाडा करणारी उरली, ही गोष्ट आम्हांस सूचक वाटते.

मराठी विकिपीडियात सामायिक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ हे नाव दिलेले आहे. नाव देणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू असेल असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी महार वतनाच्या कामासाठी चावडीच्या पायरीखाली उभे राहून दिवस काढले, त्यांच्या कानावर हा शब्द वेगळ्या रीतीने पडतो. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच गावगाड्यातून माणूस सोडवण्यासाठी.

आता विनयाकडे वळू. चुल्लवग्गातील समथखंधकात आणि मज्झिमनिकायातील सामगामसुत्तात विवाद मिटवण्याचे सात उपाय सांगितले आहेत. सामगामसुत्ताचा प्रसंग लक्षात घेण्यासारखा आहे. पावा येथे निगंठ नातपुत्तांच्या निधनानंतर त्यांच्या अनुयायांत फूट पडली आणि शब्दांचे भाले चालू लागले. ते वृत्त चुंदाने आणले, तेव्हा आनंदाला धास्ती वाटली की तथागतांच्या पश्चात संघाचेही असेच होईल. तथागतांनी या धास्तीला दिलेले उत्तर म्हणजे विवादाच्या सहा मुळांचे विवेचन आणि त्यामागून सात शमथ. क्रोध, दुसऱ्याच्या गुणांची अवहेलना, मत्सर, कपट, पापेच्छा आणि स्वतःच्या मताला चिकटून राहणे ही ती मुळे होत. ज्याने कोशाच्या चर्चापानावर एखादा आठवडा घालवला आहे, त्याला या यादीत भर घालावीशी वाटणार नाही.

सात उपायांपैकी पहिला आणि बाकी सर्वांचा पाया म्हणजे सम्मुखाविनय. विवाद मिटवताना चार गोष्टी समोर असाव्या लागतात : संघ, धम्म, विनय आणि ज्यांच्यात वाद आहे त्या व्यक्ती. विश्वकोशाला ही कसोटी लावली तर काय दिसते? त्याचा धम्म आहे : तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीयोग्यता आणि स्वतःचे नवे संशोधन न घुसडणे. त्याचा विनयही आहे, किंबहुना तो अतिविस्तृत आहे. उणीव आहे ती संघाची. विनयात सीमा आखलेली असते. त्या सीमेतील भिक्षू कोण, किती जमले, जो आला नाही त्याने आपली संमती पाठवली की नाही, हे पाहिल्याशिवाय संघकर्म वैध होत नाही. विश्वकोशात सीमाही नाही आणि गणपूर्तीही नाही. एखाद्या चर्चेत चार जण आले व चौघांचे जुळले तर ती सहमती. दुसऱ्या महिन्यात वेगळे सहा जण आले तर ती वेगळी सहमती. ज्याला नोकरी, घर आणि चळवळ सांभाळून रात्री अर्धा तास मिळतो, त्याच्यापेक्षा ज्याला दिवसभर बसता येते त्याचे म्हणणे टिकते. ही मतांची विषमता नाही, सवडीची विषमता आहे. आणि आपल्या देशात सवड ही जातीप्रमाणे वाटली गेलेली आहे, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

तीन या आकड्याचीही तुलना करावी. फूट पाडू पाहणाऱ्या भिक्षूला संघाने तीन वेळा समजावावे, असा विनयाचा नियम आहे. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याने हट्ट सोडला तर त्याला संघादिसेसाचा दोष लागत नाही. कोशातही तीन ही मर्यादा आहे, परंतु ती खोडण्याची मर्यादा आहे. तीन वेळा ऐकून घेतले की नाही, हे तेथे कोणी मोजत नाही.

मतगणनेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याचे विवेचन थोडे सविस्तर करणे भाग आहे. कोशाचे संपादक आवर्जून सांगतात की, आमच्याकडे बहुमताने निर्णय होत नाही आणि मतदान हा चर्चेला पर्याय नाही. चर्चा संपवणारा संपादक हात मोजत नाही, युक्तिवादांचे वजन करतो. तरीही एकदा उघड मतदान करावेच लागले. बाल्टिक किनाऱ्यावरील एका शहराला पोलिश लोक ग्दान्स्क म्हणतात आणि जर्मन लोक डान्झिग. इतिहासात ते शहर अनेकदा हातोहात फिरले. कोणत्या काळासाठी कोणते नाव लिहावे यावर इंग्रजी कोशात एवढी खोडाखोड झाली की, २००५ च्या आरंभी कालखंडवार मतदान घेण्यात आले. १३०८ पूर्वी ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डान्झिग, त्यानंतर पुन्हा ग्दान्स्क असा निकाल लागला. हा येभुय्यसिकेचा जवळजवळ आदर्श प्रयोग मानता येईल. समजावणे संपले होते, प्रश्न स्पष्ट होता, तो तुकड्यांत विभागला होता आणि दोन्ही पक्ष हजर होते.

परंतु येभुय्यसिका म्हणजे साधे बहुमत, असा जो समज आपल्याकडे पसरला आहे तो विनयाचा मूळ पाठ वाचल्यावर टिकत नाही. शलाका वाटणारा भिक्षू छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा आणि कोणी शलाका घेतली, कोणी नाही हे जाणणारा असावा लागतो. शलाका वाटण्याचे गुप्त, कानात सांगून आणि उघड असे तीन प्रकार आहेत. आणि चुल्लवग्ग स्पष्ट सांगतो की, गुप्त पद्धतीत अधम्मवादी अधिक निघाले तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून ते मतदान मागे घ्यावे. म्हणजे तेथेही गणनेपेक्षा वजनच श्रेष्ठ. कोशातील चर्चा संपवणारा संपादक आणि शलाकागाहापक यांचे हे साम्य वरवरचे नाही.

या साम्याने काही वाचक सुखावतील, आम्ही सुखावलेलो नाही. धम्मवादी कोण, हे ज्याने ठरवायचे त्याच्या हाती मोठी सत्ता जाते. विनयाने त्या सत्तेला दोन वेसणी घातल्या. एक, धम्मवादी व अधम्मवादी ओळखण्याच्या अठरा बाबी आधीच सांगून ठेवल्या. दोन, शलाकागाहापकाची नेमणूक संघापुढे ज्ञप्ती मांडून, सर्वांच्या संमतीने व्हावी असे ठरवले. कोशात बहुतेक चर्चा संपवणारा संपादक आपण होऊन पुढे येतो. त्याला त्या वादासाठी कोणी नेमलेले नसते. तो सहसा प्रामाणिक असतो, हे आम्ही मान्य करतो. पण प्रामाणिकपणा ही व्यवस्था नव्हे.

लवाद समितीची तुलना वेसाली येथील दुसऱ्या संगीतीशी करता येते. दहा वस्तूंवर वाद सुरू झाला आणि बोलण्याला अंत राहिला नाही, तेव्हा पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार अशा आठ थेरांची उब्बाहिका नेमली गेली. सब्बकामी व रेवत त्यांत होते. रेवताने एकेक वस्तू विचारली, सब्बकामींनी एकेकीवर निर्णय दिला आणि तो पुन्हा संपूर्ण संघापुढे ठेवला गेला. विश्वकोशाची समिती मात्र वर्तनावरच निर्णय देते, मजकुरावर देत नाही. मे २००९ मध्ये तिने सायंटॉलॉजी या संप्रदायाच्या मालकीच्या संगणक-पत्त्यांवरून संपादन करण्यास बंदी घातली आणि त्या संप्रदायाच्या काही कडव्या विरोधकांवरही निर्बंध लादले. निर्णय कडक होता, बहुधा योग्यही होता. पण त्या संप्रदायाविषयी खरे काय लिहावे, हे समितीने सांगितले नाही. असभ्य बोलणाऱ्याला ती बाहेर काढू शकते. सभ्य भाषेत, नियमांचे क्रमांक देत चुकीचे लिहिणाऱ्यासमोर ती हतबल असते.

निर्णय झाल्यावर काय, या बाबतीत दोन्ही परंपरा विरुद्ध टोकांना आहेत. विधिपूर्वक मिटलेला विवाद जाणूनबुजून पुन्हा उकरणे हा पाचित्तिय दोष आहे. बाबासाहेबांनी संविधान सभेत ज्याचा उल्लेख केला तो दंडक हाच. कोश म्हणतो, सहमती बदलू शकते. ज्ञानाच्या क्षेत्रात हे काही अंशी योग्यच आहे. नवे शिलालेख सापडतात, नवे ग्रंथ येतात. परंतु नवे काही न सापडता केवळ जुने संपादक थकले म्हणून सहमती बदलते, तेव्हा तिला ज्ञानाची प्रगती म्हणता येत नाही.

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे येतो. सातवा शमथ तिणवत्थारक. दोन्ही पक्षांनी भांडताना इतके अनुचित बोलले-केले असते की, एकेक दोष मोजू गेल्यास भांडण वाढेल. अशा वेळी दोन्हीकडच्या एकेका समर्थ भिक्षूने आपल्या पक्षाच्या वतीने दोष कबूल करावेत आणि सारे प्रकरण गवताने झाकावे तसे झाकून टाकावे. कोशातही चांगले संपादक असेच करतात. मधला शब्द शोधतात, दोन्ही बाजूंची एकेक ओळ घेतात आणि पुढे जातात. यात वाईट काही नाही. मात्र विनयाने या उपायाला दोन अपवाद जोडले आहेत. गंभीर दोष गवताने झाकता येत नाहीत. आणि गृहस्थांशी संबंधित दोष झाकता येत नाहीत.

हा दुसरा अपवाद फारसा चर्चिला जात नाही. त्याचा अर्थ असा की, संघाच्या आतील दोन पक्षांत समेट झाला तरी संघाबाहेरील ज्याला इजा झाली, त्याचे देणे त्यामुळे फिटत नाही. मच्छिकासंडचा सुधम्म भिक्षू चित्त गहपतीला अपमानकारक बोलला, तेव्हा संघाने त्याच्यावर पटिसारणीय कर्म केले आणि सोबत एक भिक्षू देऊन त्याला चित्ताची क्षमा मागावयास पाठविले. भिक्षूंनी आपसांत ठरवून प्रकरण मिटवले नाही. ज्याच्याविषयी बोलले गेले, त्याच्या दारी जावे लागले.

विश्वकोशात संपादक आपसांत समेट करतात, पण लेख ज्यांच्याविषयी असतो ते या समेटात नसतात. एकट्या व्यक्तीच्या बाबतीत कोशाला हे उमगले, तेही धक्का बसल्यावर. २००५ मध्ये जॉन सायगनथॉलर या अमेरिकन पत्रकारावर केनेडी बंधूंच्या हत्येत सहभागाचा संशय घेणारा खोटा मजकूर तेथे सुमारे चार महिने तसाच राहिला. त्यांनी वृत्तपत्रात जाहीर तक्रार केल्यावर हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी कडक नियम आले. समूहांना मात्र हे संरक्षण सहसा लागू होत नाही. एका माणसाची बदनामी हा दोष ठरतो, पण एका समाजाला त्याने नाकारलेल्या नावाने संबोधणे हा केवळ मतभेद ठरतो.

आपल्याच नावाचे उदाहरण घेऊ. १९५६ नंतर आपण स्वतःला बौद्ध म्हणवतो. महाराष्ट्र शासन मात्र आपल्या योजनांतून ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असेच लिहीत आले आहे आणि अनेक इंग्रजी ग्रंथांतही तोच शब्द आहे. कोशाचा नियम असा की, लेखाचे शीर्षक विश्वसनीय साधनांत जे अधिक रूढ असेल ते असावे. मग आपला मुलगा चर्चापानावर जाऊन म्हणतो की, हे नाव आम्ही स्वीकारलेले नाही. त्याला उत्तर मिळते की, साधन दाखवा. तो आपल्या विहाराची स्मरणिका दाखवतो. ती स्वयंप्रकाशित म्हणून बाद होते. समोरचा संपादक शासनाचे परिपत्रक दाखवतो. ते ग्राह्य ठरते. येथे कोणीही खोटे बोललेले नाही, कोणी नियमही मोडलेला नाही. प्रतिपक्षाला न्याय देण्यासाठी हेही नोंदवले पाहिजे की, १३ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या पत्रकार परिषदेच्या वृत्तांतांत ‘नवयान’ हा शब्द बाबासाहेबांच्या तोंडी आहे. पण एखाद्या महापुरुषाने आपल्या धम्मक्रांतीचे वैशिष्ट्य सांगताना वापरलेला शब्द आणि कचेरीने माणसावर चिकटवलेली चिठ्ठी, या दोहोंत फरक आहे. तो फरक सांगण्याची सोय रूढ नावाच्या नियमात नाही.

या कोशाकडून आपले काहीच हित झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जातिविषयक लेखांवर इतकी खोडाखोड झाली की, इंग्रजी कोशाच्या संपादकांनी २०१२ मध्ये दक्षिण आशियातील जातिसमूहांच्या लेखांसाठी विशेष निर्बंध स्वीकारले. ब्रिटिश राजवटीतील जातिवर्णनांवर विसंबू नये, असा संकेतही तेथे रूढ झाला. रसेलच्या १९१६ च्या किंवा एन्थोव्हेनच्या १९२०-२२ च्या ग्रंथांतून आपल्या पूर्वजांविषयी जे लिहिले गेले, ते आजही ग्रंथालयांच्या कपाटांत प्रमाण म्हणून विराजमान आहे. ते एका स्वयंसेवी कोशाने बाजूला ठेवावे आणि एलिनॉर झेलियट, गेल ऑम्वेट यांच्यासारख्यांचे संशोधन पुढे आणावे, ही मोठी गोष्ट आहे. अनेक विद्यापीठांना ते जमलेले नाही.

तरीही उरतो तो गृहस्थांचा प्रश्न. त्यासाठी कोसंबीकडे पाहावे लागते. तेथील वाद अट्ठकथेप्रमाणे शौचकूपातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून सुरू झाला. तथागतांनी दीघावु कुमाराची कथा सांगून समजावले, भिक्षूंनी ऐकले नाही. ते कोसंबी सोडून पारिलेय्यकाच्या वनात गेले. तेव्हा कोसंबीच्या उपासकांनी भिक्षूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले. मग भिक्षू सावत्थीला गेले आणि समेट झाला. वाद मिटवण्याची शक्ती ज्यांना संघात मत नव्हते त्यांच्या हाती होती. याच प्रसंगी अनाथपिंडिकाने विचारले की, या भांडणाऱ्यांशी आम्ही कसे वागावे? तथागतांचा उपदेश असा होता की, दोन्ही पक्षांना दान द्यावे, दोघांचेही धम्मप्रवचन ऐकावे आणि मग धम्मवाद्यांचे मत स्वीकारावे.

राजसत्तेकडे धाव घेण्याचा मार्गही इतिहासात आहे. संघ फोडणाऱ्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर घालवावे, अशी सम्राट अशोकाची आज्ञा सारनाथ, सांची व कोसंबीच्या स्तंभांवर कोरलेली आहे. आपल्या काळात एका वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये विकिपीडियाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या दाव्याविषयीचे पानच काढावयास सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी तो आदेश रद्द केला. ज्या समाजाचे साहित्य दडपले गेले आहे, त्याने पाने काढण्याच्या मार्गाचा हव्यास धरू नये, असे आमचे मत आहे.

कोसंबीच्या उपासकांपाशी भिक्षा होती. आजच्या वाचकापाशी साधने आहेत, कारण तो कोश साधनांवर जगतो. मराठी साधन इंग्रजी कोशालाही चालते, ते प्रकाशित व पडताळता येण्याजोगे असले म्हणजे पुरे. ‘जनता’ व ‘प्रबुद्ध भारत’चे अंक, चां. भ. खैरमोडे यांचे चरित्रखंड यांचे पृष्ठवार संदर्भ चर्चापानावर ठेवता येतात. आपल्या विहारांच्या स्मरणिकांचे मात्र तसे होत नाही. त्यांतील कित्येकांवर वर्ष नसते, संपादकाचे नाव नसते आणि कोणत्या मूळ कागदावरून मजकूर घेतला, याचा उल्लेख नसतो. ज्या वृद्धांनी १९५६ ची दीक्षाभूमी डोळ्यांनी पाहिली, त्यांच्या मुलाखती याच स्मरणिकांत विखुरलेल्या आहेत. त्या तारीख, स्थळ व मुलाखतकाराच्या नावासह निवडून, एखाद्या मान्य प्रकाशनसंस्थेकडून तपासून छापून घेण्याचे काम आमच्यासारख्या अध्ययनकेंद्रांना या वर्षावासातही हाती घेता येईल.